सव्वा लाखाचा एक रुपया

पत्र असं आहे:

"मी ५१ वर्षांचा, राहायला नेरुळला, नोकरी बेलापूरला. शाळेत असल्यापासून नाणी जमवतो. सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये माझ्याकडे १९३८ पासून १९४५ पर्यंतचे आहेत, फक्त १९३९ चा नाही. अल्बममधला तो एक कप्पा कित्येक वर्षं रिकामा आहे. गेल्या महिन्यात वाशीच्या एका प्रदर्शनात एक विक्रेता भेटला. त्याच्याकडे तो आहे. सव्वा लाख सांगतो, रोख दिले तर दहा हजार कमी. बिल देत नाही. म्हणतो, 'काका, कल्याणची पार्टी थांबलीय, रविवारपर्यंत कळवा. पाच वर्षांत दुप्पट होतील, सोन्यापेक्षा भारी गुंतवणूक आहे.' हेच नाणं पंचवीस लाखांना जातं, असा एक व्हिडिओही त्याने दाखवला. नाणं हातात दिलं, पण वजन करायचं म्हटल्यावर नाराज झाला. बायकोला अजून बोललेलो नाही. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एक एफडी पुढच्या आठवड्यात सुटतेय. बायकोला कळलंच तर गुंतवणूक केली म्हणून सांगेन. घ्यावं का? आणि खरं-खोटं घरच्या घरी कसं ओळखावं? आणि हो, ते थोडं काळवंडलंय, साफ केलं तर चालेल का?"

नेरुळकर, तुमच्या पत्रात दोन माणसं एकच वाक्य बोलतात. विक्रेता तुम्हाला सांगतो, ही गुंतवणूक आहे. वेळ आली तर तुम्ही घरात तेच सांगणार आहात. आणि दोघांनाही ते वाक्य एकाच कामासाठी हवंय, समोरच्याने पुढे काही विचारू नये म्हणून.

नाणं घ्यायला माझी ना नाही. पण घ्यायचं तर हौस म्हणून घ्या आणि हौस म्हणूनच घरात सांगा. हौसेला माणूस मर्यादा घालतो, चार ठिकाणी विचारतो, नाहीच परवडलं तर हळहळून का होईना सोडून देतो. गुंतवणूक म्हटली की सगळं उलटं होतं. दुप्पट होणारच आहेत, मग दहा-वीस हजार जास्त गेले म्हणून काय झालं? बिल नाही म्हणून काय झालं? एफडी काय, पुन्हा भरू. हे सगळे हिशेब तुमच्या डोक्यात सुरू झालेले आहेत, ते पत्रात ओळीओळीला दिसतात.

आधी नाण्याचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. १९३९ ची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असेल. पण हे उत्तर तुमच्या पत्नीनेही वाचावं असं मला वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या घरांतून लक्ष्मीपूजनाला जे राणीछाप, राजाछाप रुपये ताम्हनात येतात, ते एक तोळ्याचे, म्हणजे ११.६६ ग्रॅमचे. त्यात चांदी ९१.७ टक्के. 'बंदा रुपया' म्हणतात तो हाच. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि लोकांनी चांदीचे रुपये घरात दाबून ठेवायला सुरुवात केली. १९४० मध्ये सरकारला एक रुपयाची नोट पुन्हा काढावी लागली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणावी लागली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ च्या रुपयात तर चांदी औषधालाही नाही, तो निव्वळ निकेलचा, मागे वाघ. म्हणजे १९३९ हे जुन्या भारी चांदीच्या रुपयाचं शेवटचं साल. पुढे ते जुने रुपये सरकारने चलनातून काढून घेतले आणि आटवले. त्यामुळे या सालाचा रुपया हाती लागणं दुर्मीळ झालं. गंमत अशी की तो पाडला मुंबईच्या टांकसाळीत. फोर्टात, शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेसमोरची ती इमारत. नेरुळहून हार्बर पकडली की सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखी.

आता यातली मेख अशी की १९३८ चा रुपया सहज मिळतो आणि दिसायला तो थेट १९३९ सारखाच असतो. तेवढा एक आकडा सोडला तर. जिथे एका आकड्याने भाव इतका बदलतो, तिथे तो आकडा बदलणारेही निघणारच.

नाण्यावरचा आकडा इंग्रजी आहे. इंग्रजी आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडली की नऊ होतो. खोटेपणाचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा प्रकार, कारण बाकी नाणं शंभर टक्के अस्सल असतं. वजन बरोबर, चांदी बरोबर, कडा बरोबर. सराफाकडे नेऊन टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढलात तर यंत्र निष्पापपणे ९१ टक्क्यांच्या पुढचा आकडा दाखवेल आणि तुम्ही आनंदाने घरी याल. म्हणून यंत्राआधी भिंग. दहापट दाखवणारं चांगलं भिंग घ्या, प्रकाश बाजूने तिरका पडू द्या आणि शेवटच्या नऊभोवतीची सपाट जागा बघा. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखी झाक असते. खरवडलेल्या जागी ती तुटते, बारीक रेघा दिसतात, कधी तेवढाच भाग जास्त चकचकीत नाही तर जास्त काळा असतो. मग त्याच सालातला पहिला नऊ बघा. तो तर कुणी बदललेला नसतो. दोन नऊंच्या पोटाची गोलाई आणि शेपटीचं वळण यात ठळक फरक दिसला, तर नाणं परत त्याच्या हातात द्या. तुमच्याकडचा १९३८ चा रुपया सोबत न्यायला विसरू नका. राजाचा मुकुट, अक्षरांची जाडी, काठावरचे मणी, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येतं. पुस्तकातल्या फोटोपेक्षा हे केव्हाही बरं.

दुसरा प्रकार ओतीव नाण्याचा. खऱ्या नाण्यावरून साचा घेतात आणि त्यात धातू ओततात. अक्षरांच्या कडा बोथट होतात, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात, आणि कडेवर साच्याचा सांधा घासून काढल्याची खूण सापडते. हात बसलेला संग्राहक हे पटकन ओळखतो, तुम्हीही ओळखाल. तिसरा प्रकार नव्या ठशांनी, कधी कधी बरोबर चांदीतच पाडलेल्या नाण्याचा. तो मात्र तुमच्या-माझ्यासारख्यांनी ओळखण्याच्या भानगडीत पडू नये.

घरच्या घरी करण्यासारखं विचारलंत, तर एक पाण्याची कसोटी आहे आणि ती मला फार आवडते. शून्य दशांश शून्य एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हल्ली कुठेही मिळतो. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. तळाला, काठाला टेकू देऊ नका, अंगावर बुडबुडे राहू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. भारी चांदीच्या रुपयाचा भागाकार १०.३ च्या आसपास येतो, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला पेल्याखालचा काटा १.१३ च्या जवळ दाखवतो. निम्म्या चांदीच्या रुपयाला तोच आकडा १.२२ च्या जवळ जातो आणि भागाकार साडेनऊवर येतो. झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरेल, पण भागाकार बदलत नाही, हीच त्यातली मजा. आधी तुमच्या १९३८ वर करा, मग १९४२ वर. फरक डोळ्यांनी दिसेल. शाळेत आर्किमिडीजची गोष्ट ऐकताना आपण ज्या टबावर हसलो, तो इथे कामाला येतो. पत्नीला आणि मुलीलाही बोलवा हा प्रयोग बघायला. का ते पुढे सांगतो.

पण एक लक्षात असू द्या. या सगळ्या कसोट्या नाणं खोटं असेल तर ते उघडं पाडतात. नाणं खरं आहे, असं त्यांच्यावरून म्हणता येत नाही. ते म्हणायला या विषयात मुरलेला माणूस लागतो, नाही तर एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या नाणी पारखणाऱ्या अमेरिकी संस्थेने तपासून सीलबंद केलेलं नाणं. सीलबंद डबीतलं नाणं घेतलंत तरी डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत स्वतः पडताळा आणि तिथल्या फोटोशी नाणं जुळवून बघा, कारण डब्याही खोट्या निघतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास असते, कडी. कितीतरी रुपयांना सोनाराकडून कडी लावून ते गळ्यात घातले गेले. पुढे कडी काढली, जागा घासली, आणि नाणं पुन्हा बाजारात आलं. वरच्या कडेला, राजाच्या डोक्याच्या वर, कडी डाक देऊन जोडल्याची खूण आहे का बघा. असेल तर नाणं खरं असूनही भाव बराच उतरतो.

आता तुमच्या विक्रेत्याकडे वळतो. तो लबाड आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण जे नाणं तुम्ही इतकी वर्षं शोधताय, ते विकणाऱ्याला रविवारचीच घाई का असावी? कल्याणची पार्टी खरी असेल तर तिला घेऊ द्या. नाणी बाजारात पुन्हा येतात. जमवणारे थकतात, जातात, त्यांच्या मुलांना रस नसतो. वजनाला नाराज होणं हे मात्र मला अजिबात आवडलं नाही. नाण्याचा धंदा करणाऱ्याच्या खिशात काटा असतो, तो स्वतःहून काढून दाखवतो. सव्वा लाख रोख देणं बेकायदा आहे असं नाही, रोख घेण्यावरची बंदी दोन लाखांपासून सुरू होते. पण बिल नसेल तर उद्या नाणं खोटं निघाल्यावर तुम्ही ते याच माणसाकडून घेतलं, हे तुम्ही कुणाला आणि कशाच्या जोरावर सांगणार? दहा हजारांची सूट म्हणजे तुमच्या तक्रारीच्या हक्काची किंमत आहे. फार स्वस्तात मागतोय तो.

व्हिडिओचं तर बोलायलाच नको. अशा व्हिडिओंच्या आणि जाहिरातींच्या जोरावर जुन्या नाण्यांच्या नावाने इतकी फसवाफसवी झाली, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही. भाव बघायचा तर लिलावांचे निकाल बघा. मुंबईत नाण्यांचे रीतसर लिलाव होतात, त्यांच्या याद्या आणि नाणं शेवटी किती रुपयांना गेलं ते आकडे नेटवर मिळतात. १९३९ चे गेल्या तीन-चार वर्षांतले सगळे निकाल काढा आणि तुमच्या नाण्याइतकीच झीज असलेल्या नाण्यांचा भाव तेवढा धरा. कोरं करकरीत नाणं आणि हातोहात फिरलेलं नाणं यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. लिलावात बोलीच्या वर लिलावघराचं कमिशन आणि कर लागतो, तोही धरा. कुणी मागितलेला भाव हा भाव नव्हे, कुणीतरी दिलेला तोच भाव. हा आकडा हातात आल्यावर सव्वा लाख महाग की रास्त, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. त्या निमित्ताने लिलावाआधी नाणी बघायला ठेवतात तेव्हा एकदा जाऊन या. खरा १९३९ हातात धरून बघायला मिळाला तर अर्धी परीक्षा तिथेच होईल. आणि तिथे जे पांढऱ्या केसांचे लोक भिंगं घेऊन बसलेले असतात, त्यांच्याशी ओळख वाढवा. ते आढ्यताखोर वाटतात, पण नाण्याबद्दल विचारलं की चहा पाजून सांगतात.

आता घर.

एफडीला हात लावू नका. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, निक्षून सांगतो. ते पैसे मुलीच्या नावाने बाजूला काढलेले आहेत आणि ते काढताना तुम्ही दोघं होतात. त्यातून गुपचूप एक रुपया उचलणं, मग तो जॉर्जचा का असेना, ही चोरी आहे. कडक शब्द आहे, पण दुसरा सुचत नाही.

मग पैसे कुठून? तुमच्यासारख्या जुन्या संग्राहकाकडे दुबार नाणी असतातच. १९४० ते ४५ चे दोन-दोन, तीन-तीन रुपये, घेताना उत्साहात घेतलेल्या आणि आता डब्यात पडलेल्या मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराया, कुठल्या तरी प्रदर्शनातून उचललेलं संस्थानी तांबं. ते विका किंवा बदला. संग्रहातलं देऊन संग्रहातलं घ्यायचं, असं केलं की घरच्या पैशाला धक्का लागत नाही आणि संग्रहही आटोपशीर होतो. तुम्ही मोडायला निघाला होतात एफडी, मोडायचेत ते हे डबे. उरलेली रक्कम दिवाळीच्या बोनसमधून किंवा दर महिन्याला ठरवून बाजूला काढून. यात सहा महिने, वर्ष जाईल. जाऊ द्या.

आणि पत्नीला आत्ता सांगा, नाणं घेतल्यावर नाही. काय सांगायचं ते अवघड नाही. "मला हे नाणं कित्येक वर्षं हवंय. त्याने आपला काही फायदा होणार नाही, कदाचित विकताना घेतल्याइतकेही मिळणार नाहीत. पण मला हवंय. एवढे पैसे लागतील, असे उभे करणार आहे. तुझं काय म्हणणं?" बस. यात परवानगीची अजिजी नाही आणि लपवालपवीही नाही. त्या चिडतील, हे गृहीत धरा. सव्वा लाखाला एक रुपया, हे ऐकून जो चिडणार नाही त्याची मलाच काळजी वाटेल. पण त्यांना स्वतःला काय हवंय, हे शेवटचं कधी विचारलंत? त्यांच्या मनातही असा एखादा रिकामा कप्पा असेल. मग दोघांच्याही हौसेसाठी वर्षाकाठी सारखी रक्कम ठरवा. पाण्याच्या कसोटीला घरच्यांना बोलवा म्हटलं ते याचसाठी. तुम्ही इतकी वर्षं भिंग घेऊन कोपऱ्यात बसलात, त्यांना त्यातलं काही कधी दाखवलंत का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

याला एक रोकडं कारणही आहे. संग्राहकाच्या मागे संग्रहाचं काय होतं, ते तुम्ही प्रदर्शनांतून बघितलं असेल. घरच्यांना काही माहीत नसतं, अल्बम सराफाकडे जातो आणि चांदी मोडीच्या भावाने तोलली जाते. तुमचा १९३९ खरा निघाला आणि तुम्ही तो लपवून ठेवलात, तर उद्या तो १९३८ सोबत एकाच पारड्यात पडेल. त्यासाठी साधी वही पुरते. नाणं कोणतं, कधी घेतलं, कितीला, कुणाकडून, बिल कुठे आहे, विकायचं झालं तर कुणाला विचारायचं. वही कुठे ठेवलीय ते पत्नीला आणि मुलीला माहीत हवं.

साफ करायचं विचारलंत. नाही. काही म्हणजे काही लावू नका. चिंच नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट नाही, दिवाळीआधी देवांना लावतात ती पितांबरी तर नाहीच नाही. काळवंडलेपण हा त्या चांदीचा इतिहास आहे आणि जाणकार त्याचे पैसे देतो. घासलेलं नाणं लांबून चमकतं आणि भिंगाखाली ओरबाडल्यासारखं दिसतं. नाणं कडेला धरायचं, त्याच्या सपाट बाजूंवर बोट टेकवायचं नाही. जुन्या पद्धतीच्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असतं, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्याने नाण्याला हिरवट चिकटा धरतो. त्यापेक्षा पीव्हीसी नसलेली कडक कॅप्सूल घ्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळ्यात ती बदलत राहा. तुमच्या बाकीच्या अल्बमलाही हे लागू आहे.

आता करायचं काय, तर विक्रेत्याला रविवारची वाट न बघता आजच फोन करा. सांगा, नाणं मला हवंय, पण बिलावर "सहावा जॉर्ज, एक रुपया, १९३९, अस्सल; बनावट ठरल्यास पूर्ण रक्कम परत" असं लिहून द्यायचं, पैसे बँकेतून घ्यायचे, आणि तपासून घ्यायला मला पंधरा दिवस द्यायचे. हवं तर थोडी विसार रक्कम पावतीवर घ्या म्हणावं. तो हो म्हणाला तर मुंबईतल्या एखाद्या जाणत्याची वेळ घ्या आणि १९३८ चा रुपया सोबत न्या. नाही म्हणाला तर त्याचा नंबर ठेवायची गरज नाही.